शेणकिडे, हुमणीचे भुंगेरे आणि त्यांच्या नव्या जाती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवशास्त्राचे विद्यार्थी, ऊस पिकवणारे शेतकरी, शाळांतले विज्ञान शिक्षक आणि जंगलात हिंडून छायाचित्रे काढणारे हौशी निरीक्षक कोल्हापूर परिसरात जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. भर नव्या जाती कशा शोधल्या जातात आणि त्यांचे वर्गीकरण कसे ठरते यावर आहे. पुढील मजकुरात ‘जात’ म्हणजे वर्गीकरणाची सर्वांत खालची मुख्य पायरी, ‘वंश’ म्हणजे तिच्या वरची आणि ‘कुळ’ म्हणजे त्याहून मोठा गट असे समजावे.

स्कॅरॅब भुंगेरे म्हणजे नेमके कोणते कीटक?

उसाच्या मुळ्या कुरतडणारी हुमणी ज्यांची अळी आहे ते तपकिरी भुंगेरे, शेणाचा गोळा करून ढकलत नेणारे शेणकिडे, नारळाच्या कोवळ्या शेंड्यात शिरणारा गेंडा भुंगा आणि फुलांवर किंवा पिकलेल्या फळांवर येणारे चकचकीत हिरवे भुंगेरे हे सगळे एकाच स्कॅरॅबिडी कुळातले आहेत. दिसायला आणि वागायला इतके वेगळे असलेले हे कीटक एका कुळात बसतात ते त्यांच्या मिशांमुळे. मिशीच्या टोकाला तीन किंवा अधिक पातळ पाकळ्या असतात. त्या घट्ट मिटतात आणि वास घ्यायचा असेल तेव्हा उघडतात. पुढचे पाय माती उकरण्यासाठी रुंद आणि दातेरी असतात. अळी पांढरट, जाड आणि इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली असते.

जगभरात भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जातींना आजवर नावे मिळाली आहेत. त्यांपैकी तीस हजारांहून अधिक जाती या एका कुळातल्या आहेत आणि त्यांचा फार मोठा भाग उष्ण कटिबंधात राहतो.

या कुळाचे वर्गीकरण कसे केले जाते?

कुळाचे अनेक उपकुळांत विभाजन होते. आपल्याकडे प्रामुख्याने सहा उपकुळे भेटतात. शेणकिडे स्कॅरॅबिनी उपकुळात येतात. त्यांच्या डोक्याचा पुढचा भाग फावड्यासारखा पसरलेला असतो आणि त्याखाली जबडे झाकले जातात. शेणातच राहणारे छोटे, लांबट भुंगेरे अ‍ॅफोडिनीतले. हुमणीचे बहुतेक भुंगेरे मेलोलोन्थिनी उपकुळात मोडतात. रुटेलिनीच्या पायांवरील दोन नख्या लांबीने असमान असतात आणि स्वतंत्रपणे हलतात, हे भिंगाखाली लगेच दिसते. सेटोनिनीतले फुलभुंगेरे पाठीवरची कडक पंखझाकणे न उघडताच उडतात. झाकणांच्या कडेला असलेल्या खाचेतून त्यांचे पातळ पंख बाहेर येतात. गेंडा भुंगा डायनॅस्टिनीमधला आहे.

ही झाली ढोबळ ओळख. उपकुळांच्या सीमा आणि त्यांची आपसांतली नाती यांवर संशोधकांत आजही मतभेद आहेत, आणि डीएनएच्या अभ्यासामुळे काही जुने गट मोडून नवे मांडले जात आहेत. होलोट्रिकिया या हुमणीच्या परिचित वंशाविषयीसुद्धा तो एकाच पूर्वजापासून आलेला एकसंध गट आहे का, ही शंका गंभीरपणे घेतली जाते.

इतकी वर्षे अभ्यास होऊनही उष्ण कटिबंधात नव्या जाती का सापडतात?

याचे एक कारण संख्येत आहे. कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विन यांनी पनामामधील एकाच जातीच्या १९ झाडांवर धुरासारखे कीटकनाशक सोडून खाली पडलेले कीटक गोळा केले. त्यांत भुंगेऱ्यांच्याच सुमारे १,२०० जाती निघाल्या. त्यावरून १९८२ साली त्यांनी उष्ण कटिबंधात संधिपाद, म्हणजे कीटक, कोळी यांसारख्या सांधेदार पायांच्या प्राण्यांच्या तीन कोटी जाती असाव्यात असा अंदाज मांडला. पुढच्या संशोधकांनी तो आकडा बराच खाली आणला, तो आणणे रास्तही होते. पण नाव नसलेल्या जाती नाव असलेल्या जातींपेक्षा कितीतरी अधिक आहेत, हा त्यातला मुद्दा टिकून आहे.

दुसरे कारण अभ्यासाच्या इतिहासात आहे. भारतातील स्कॅरॅब भुंगेऱ्यांवर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील गिल्बर्ट अ‍ॅरो यांनी ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत तीन खंड लिहिले. १९१० साली सेटोनिनी आणि डायनॅस्टिनी, १९१७ साली प्रामुख्याने रुटेलिनी आणि १९३१ साली शेणकिडे. आजही या खंडांवाचून काम पुढे सरकत नाही. मात्र शेतीला सर्वांत जवळचे जे मेलोलोन्थिनी उपकुळ, त्यावर या मालेत खंड निघालाच नाही. या उपकुळातील जातींची वर्णने युरोपातल्या वेगवेगळ्या नियतकालिकांत, जर्मन, फ्रेंच, लॅटिन अशा भाषांत विखुरलेली राहिली. अलीकडे त्यांपैकी सेरिसिनी या एका गटावर डर्क आरेन्स आणि सिल्व्हिया फॅब्रिझी यांनी २०१६ साली भारतापुरता सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला आणि त्यात अनेक जातींना प्रथमच नाव मिळाले. एखाद्या गटाकडे जाणकार माणसाने काही वर्षे लक्ष दिले की जाती अशाच पुढे येतात. बाकीचे गट अजून आपल्या अभ्यासकाची वाट पाहत आहेत.

कोल्हापूर जिल्हा या अभ्यासासाठी महत्त्वाचा का मानावा?

कारण जिल्ह्याच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना निसर्ग फार झपाट्याने बदलतो. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात त्याच्या कितीतरी पट कमी आणि शिरोळकडे त्याहूनही कमी. सदाहरित आणि निमसदाहरित जंगल, जांभ्या दगडाचे उघडे सडे, गवताळ डोंगरउतार, नदीकाठची काळी जमीन आणि मैलोन्‌मैल ऊस हे सगळे एका दिवसाच्या प्रवासात येते. प्रत्येक ठिकाणची माती वेगळी असते. स्कॅरॅब भुंगेऱ्यांचे आयुष्य मुख्यतः मातीत जात असल्याने मातीबरोबर त्यांच्या जातीही बदलतात.

राधानगरी-दाजीपूर परिसर १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाला, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली त्यांत राधानगरीचा समावेश झाला. गव्यासारखा मोठा शाकाहारी प्राणी जेथे टिकून आहे तेथे शेणकिड्यांचा समाज श्रीमंत असण्याची अपेक्षा ठेवता येते. ताज्या शेणावर आधी उतरणाऱ्या, खाली बोगदे खणून शेण पुरणाऱ्या आणि गोळे करून दूर नेणाऱ्या जातींची तेथे एकमेकींशी चढाओढ असते. गावाजवळ मात्र वेगळी काळजी आहे. जनावरांच्या जंतांवर दिले जाणारे आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडते आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना ते घातक ठरते. ज्या जातींची नोंदही झालेली नाही त्या अशा कारणांनी एखाद्या भागातून नाहीशा होत असतील, तर ते आपल्याला कळणारसुद्धा नाही. जंगलाइतकेच गावरान, गायरान आणि ऊसपट्टा येथील भुंगेरे गोळा करून जपले पाहिजेत, असा माझा आग्रह आहे तो यासाठीच. तेथे नवे काय सापडणार, असे म्हणून अभ्यासक या जागा ओलांडून थेट घाटात जातात, आणि हे बरोबर नाही.

नवी जात ‘सापडली’ असे केव्हा म्हणता येते?

या पृष्ठावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. भुंगेरा सापडतो जंगलात किंवा बांधावर, पण नवी जात सापडते टेबलावर, आणि तीही तुलनेतून. एखादा भुंगेरा आपल्याला ओळखता आला नाही, एवढ्यावरून तो विज्ञानाला नवा ठरत नाही. बहुतेक वेळा तो आधीच कोणीतरी, कधीकधी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी, वर्णन केलेला असतो आणि ते वर्णन आपल्या वाचनात आलेले नसते.

म्हणून नव्या जातीचा दावा करण्यापूर्वी अभ्यासकाला त्या वंशातील भारतातल्या आणि शेजारच्या प्रदेशांतल्या सर्व नावांची यादी करावी लागते, प्रत्येक नावाचे मूळ वर्णन मिळवावे लागते, आणि जेथे वर्णन अपुरे आहे तेथे ज्या प्रत्यक्ष नमुन्यावरून ते लिहिले गेले तो नमुना पाहावा लागतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली वर्णने अनेकदा दोन-तीन ओळींची आहेत. ‘काळा, गुळगुळीत, पाय तांबूस’ एवढ्या मजकुरात आज ओळखल्या जाणाऱ्या डझनभर जाती बसू शकतात. भारतातून गेलेले असे मूळ नमुने लंडन, पॅरिस, बर्लिन, कोपनहेगन येथील संग्रहालयांत आहेत. आता त्यांतल्या पुष्कळांची उत्तम छायाचित्रे मागवता येतात, तरी काही प्रश्न नमुना हातात घेऊन भिंगाखाली पाहिल्याशिवाय सुटत नाहीत.

तुलना पूर्ण झाल्यावर चार शक्यता उरतात. नमुना ज्ञात जातीचा असतो. ज्ञात जातीचा पण या भागातून प्रथमच नोंदला गेलेला असतो, आणि ही नोंदही मोलाची असते. ज्ञात जातीतला थोडा वेगळा दिसणारा नर, मादी किंवा स्थानिक रूप असतो. आणि या तिन्ही शक्यता पुराव्याने बाजूला पडल्या तरच तो नव्या जातीचा असतो. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत पहिल्या तीन शक्यता कधी दिसत नाहीत, पण अभ्यासकाचा बहुतेक वेळ त्यांच्यातच जातो आणि तो वाया गेलेला नसतो.

दोन जाती वेगळ्या आहेत हे कोणत्या लक्षणांवरून ठरवतात?

रंग आणि आकारमान यांवर सर्वांत कमी विश्वास ठेवावा. नुकताच कोषातून निघालेला भुंगेरा फिकट असतो, जुना गडद होतो. अळीला खाद्य कमी मिळाले तर त्याच जातीचा भुंगेरा लहान निपजतो. पाहायची लक्षणे अशी: मिशीचे खंड आणि पाकळ्या किती, डोक्याची पुढची कड कशी, पाठीवरचे ठिपकेवजा खळगे दाट की विरळ, केस कोठे आणि कोणत्या दिशेचे, पुढच्या पायावर दाते किती, नख्यांची ठेवण कशी, आणि पंखझाकणांमागे उघडा राहणारा शेवटचा खंड कसा.

शिंगांच्या बाबतीत फार जपून राहावे लागते. ऑन्थोफॅगस हा शेणकिड्यांचा वंश दोन हजारांहून अधिक जातींचा, म्हणजे प्राणिसृष्टीतील सर्वांत मोठ्या वंशांपैकी एक आहे. त्याच्या पुष्कळ जातींत धष्टपुष्ट नरांना लांब शिंगे असतात, तर त्याच जातीच्या छोट्या नरांना ती नसतात किंवा नुसती टेंगळे असतात. मादी आणखी वेगळी. एकाच शेणाखालून काढलेले तीन भुंगेरे तीन जातींचे वाटावेत आणि ते एकाच जातीचे निघावेत, असे या वंशात घडू शकते. म्हणून एकट्या नमुन्यावरून जात वर्णन करण्याचा मोह टाळावा आणि शक्य असेल तेथे नर-माद्यांची, लहान-मोठ्यांची मालिका जमवावी.

मेलोलोन्थिनीत, विशेषतः सेरिसिनी गटात, अडचण उलटी आहे. तेथे बाहेरून जुळ्यांसारखे दिसणारे भुंगेरे वेगळ्या जातींचे असतात आणि त्यांचा निर्णय नराच्या जननेंद्रियावरून होतो. हा अवयव कडक आवरणाचा असतो आणि त्याच्या टोकाकडील दोन फाकांचा आकार जातीनुसार बदलतो, मात्र एका जातीच्या नरांत तो बराचसा स्थिर राहतो. नमुना कोमट पाण्यात मऊ करून, पोटाच्या टोकातून हा भाग बारीक चिमट्याने बाहेर काढतात, कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) सौम्य द्रावणात भोवतालचे स्नायू विरघळवतात आणि तो भाग वाळवून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवतात किंवा ग्लिसरीनच्या इवल्याशा नळीत घालून त्याच नमुन्याच्या टाचणीवर ठेवतात. हे काम शांतपणे, चांगल्या उजेडात करायचे असते. नुसत्या माद्या हाती असतील तर पुष्कळदा थांबावे लागते.

डीएनए तपासले की प्रश्न सुटत नाही का?

काही वेळा सुटतो, काही वेळा नवा उभा राहतो. पॉल हेबर्ट यांनी २००३ साली पुढे आणलेल्या ‘बारकोड’ पद्धतीत सीओआय या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. भुंगेऱ्याच्या एका पायातूनही तो मिळतो. नर आणि मादी एकाच जातीचे आहेत का, किंवा शेतात सापडलेली अळी कोणत्या भुंगेऱ्याची आहे, हे ठरवायला ही पद्धत अतिशय उपयोगी आहे.

पण अमुक टक्के फरक म्हणजे वेगळी जात, असा सर्वत्र लागू पडणारा नियम नाही. दूरच्या दोन डोंगरांवरच्या एकाच जातीच्या भुंगेऱ्यांत फरक मोठा असू शकतो, आणि अलीकडेच वेगळ्या झालेल्या दोन जातींत तो नगण्य असू शकतो. दुसरी अडचण अशी की तुलनेसाठीच्या डीएनए-संचयांत भारतीय स्कॅरॅब जातींच्या नोंदी कमी आहेत, आणि ज्या आहेत त्यांच्यावरचे नाव कोणी, कशावरून ठेवले हे तपासावे लागते. बाह्य लक्षणे, जननेंद्रिय, डीएनए, आढळ आणि वागणूक हे स्वतंत्र पुरावे एका दिशेने जात असतील तर निष्कर्ष भक्कम होतो. आफ्रिकेत सर्वदूर पसरलेली एकच जात म्हणून ओळखला जाणारा ‘गॅझेला’ शेणकिडा हा प्रत्यक्षात अनेक जातींचा समूह असल्याचे २०१७ साली दाखवले गेले, ते मुख्यतः शरीररचनेच्या बारकाईने केलेल्या अभ्यासातून.

नमुने कसे आणि केव्हा गोळा करतात?

वळवाच्या पावसापासून मृग-आर्द्रापर्यंतचा काळ सर्वांत महत्त्वाचा आहे. जमीन भिजली की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात. त्यांच्यासाठी पांढऱ्या पडद्यासमोर दिवा लावून प्रकाश सापळा करतात. शेणकिड्यांसाठी जमिनीच्या पातळीत भांडे पुरून त्यावर जाळीत बांधलेले ताजे शेण ठेवतात. फुलभुंगेऱ्यांसाठी आंबवलेल्या केळ्यांचे आमिष चालते. पावसाळा ओसरल्यावरही काम थांबवू नये, कारण काही जातींचे प्रौढ त्याच वेळी दिसतात.

कोरडा नमुना टाचणीवर लावताना टाचणी उजव्या पंखझाकणातून जाते, मधल्या जोडातून कधीही नाही. डीएनएसाठीचे नमुने ९५ टक्क्यांवरील अल्कोहोलमध्ये आणि थंड जागी ठेवावेत. आपल्याकडच्या पावसाळी हवेत बुरशी हा संग्रहाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. पेट्या घट्ट बंद होणाऱ्या असाव्यात आणि जून ते सप्टेंबर त्या वरचेवर तपासाव्यात.

आणि चिठ्ठी. स्थळ, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, कोणत्या पद्धतीने मिळाला, कोणी गोळा केला, एवढी माहिती प्रत्येक नमुन्याच्या टाचणीवर हवी, वहीत वेगळी लिहून चालत नाही. नुसते ‘कोल्हापूर’ असे लिहिलेला सुंदर नमुना पाहून मला फार वाईट वाटते. तो घाटमाथ्यावरचा आहे की पंचगंगेच्या काठचा, हे आता कोणालाच सांगता येणार नसते, आणि ही माहिती पुन्हा मिळवण्याचा मार्ग नसतो.

यासाठी परवानगी लागते का?

होय. अभयारण्यात नमुने गोळा करण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी हवी, आणि राखीव वनातही वनविभागाला विचारल्याशिवाय काम करू नये. परदेशी संशोधकाबरोबर काम करायचे असेल किंवा नमुने देशाबाहेर पाठवायचे असतील तर २००२ च्या जैविक विविधता कायद्यातील तरतुदी आधी नीट समजून घ्याव्यात. त्याच कायद्याच्या कलम ३९ नुसार भारतात शोधलेल्या नव्या जातीची माहिती नियुक्त संग्रहालयाला कळवणे आणि तेथे नमुना जमा करणे बंधनकारक आहे. स्वतःच्या शेतात, परसात किंवा पथदिव्याखाली निरीक्षण करायला मात्र कोणाची आडकाठी नाही.

भुंगेरे मारल्याशिवाय हे काम होत नाही का? छायाचित्र पुरेसे का नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची कळकळ मला मान्य आहे. छायाचित्रांनी आढळाच्या नोंदी फार वाढल्या आहेत, आणि ठळक खुणांच्या मोठ्या जाती छायाचित्रावरून ओळखताही येतात. परंतु पोटाखालची लक्षणे, मुखावयव आणि जननेंद्रिय छायाचित्रात दिसत नाहीत. तीस वर्षांनी एखाद्याला आपल्या निष्कर्षावर शंका आली तर तपासायला वस्तूच उरत नाही. नामकरणाच्या नियमांत जतन न केलेल्या नमुन्यावर आधारित वर्णनाला अपवादात्मक वाट आहे, पण स्कॅरॅब भुंगेऱ्यांच्या बाबतीत ती धरू नये असे माझे मत आहे. गरजेपुरतेच नमुने घ्यावेत, सापळा रोज तपासावा, जादा भुंगेरे जिवंत सोडून द्यावेत, आणि घेतलेला प्रत्येक नमुना चिठ्ठीसह सार्वजनिक संग्रहात पोहोचेल याची जबाबदारी घ्यावी. घरातल्या कपाटात वाळवी लागून गेलेल्या नमुन्याचा जीव खरोखर फुकट गेला.

होलोटाइप म्हणजे काय आणि तो कोठे ठेवतात?

ज्या एका नमुन्याला नव्या जातीचे नाव कायमचे जोडले जाते तो होलोटाइप. वर्णनाच्या वेळी अभ्यासलेले त्याच जातीचे बाकीचे नमुने पॅराटाइप म्हणून नोंदतात. उद्या होलोटाइप आणि पॅराटाइप वेगळ्या जातींचे निघाले, तर नाव होलोटाइपबरोबर राहते. १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या जातीसाठी असा आधारनमुना स्पष्टपणे नेमणे आणि तो कोणत्या संग्रहात आहे हे सांगणे सक्तीचे आहे. आपल्याकडे भारतीय प्राणी सर्वेक्षण ही १९१६ साली स्थापन झालेली संस्था यासाठी प्रमुख आहे. तिचे मुख्यालय कोलकात्याला आणि पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. शेतीशी संबंधित कीटकांसाठी दिल्लीचा राष्ट्रीय पुसा संग्रहही महत्त्वाचा आहे.

नाव कसे ठेवतात? ते मराठी असू शकते का?

प्राण्यांच्या नामकरणाची सुरुवात कार्ल लिनियस यांच्या १७५८ सालच्या कामापासून धरतात आणि त्याचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोग ठरवतो. नाव दोन शब्दांचे, लॅटिन लिपीत लिहिलेले असावे लागते, पण त्याचे मूळ कोणत्याही भाषेतले चालते. गावाच्या किंवा डोंगराच्या नावाला ‘-एन्सिस’ हा प्रत्यय लावून, पुरुषाच्या सन्मानार्थ ‘-आय’ आणि स्त्रीच्या सन्मानार्थ ‘-ए’ लावून नावे तयार होतात. स्वतःचे नाव स्वतःच देऊ नये, हा शिष्टाचार आहे. वर्णन कोणत्या भाषेत असावे याची सक्ती नियमांत नाही. मराठीतले वर्णनही तत्त्वतः वैध ठरेल, पण जगभरच्या अभ्यासकांना वाचता यावे म्हणून सर्वदूर वापरल्या जाणाऱ्या भाषेची शिफारस केलेली आहे आणि ती रास्त आहे.

एकाच जातीला दोन नावे दिली गेली असतील तर साधारणपणे आधीचे टिकते. लिनियस यांनी गेंडा भुंग्याला १७५८ साली स्कॅरॅबियस या वंशात ठेवले होते. पुढे तो ऑरिक्टिस वंशात गेला, तरी जातीचे ‘ऱ्हायनोसेरॉस’ हे नाव कायम राहिले, आणि वंश बदलल्याची खूण म्हणून लिनियस यांचे नाव आता कंसात लिहितात. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकांतील नावे २०१२ पासून मान्य होतात, मात्र त्यासाठी झूबँक या नोंदवहीत आधी नोंद लागते. वर्तमानपत्रात किंवा भाषणात वर्णनाशिवाय जाहीर केलेल्या नावाला शास्त्रात काहीही स्थान नाही. म्हणून शोधनिबंध प्रसिद्ध होण्याआधी नाव फोडू नये.

हे सगळे व्हायला किती वेळ लागतो?

फार. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार नमुना गोळा झाल्यापासून त्याचे नवी जात म्हणून वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात. संग्रहालयांच्या पेट्यांत आज असलेले कितीतरी भुंगेरे अजून निनावी आहेत. विद्यार्थ्यांनी याने खचू नये. एखाद्या छोट्या वंशाचा आपल्या जिल्ह्यापुरता नीट आढावा आणि ओळख-तक्ता तयार करणे हे दोन-तीन वर्षांत होणारे आणि अनेक वर्षे उपयोगी पडणारे काम आहे.

शेतकऱ्यांना या वर्गीकरणाचा काय उपयोग?

थेट उपयोग आहे. ‘हुमणी’ ही एक कीड नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा पट्ट्यात होलोट्रिकिया सेराटा आणि ल्युकोफोलिस लेपिडोफोरा या दोन जाती उसाचे मोठे नुकसान करतात, आणि दुसरी विशेषतः नदीकाठच्या जमिनीत आढळते. होलोट्रिकियाचे भुंगेरे पाऊस पडल्यावर संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर पाला खायला आणि मीलनासाठी जमतात. त्यामुळे फांद्या हलवून ते गोळा करून मारण्याची सामुदायिक मोहीम उपयोगी पडते. ल्युकोफोलिसचे भुंगेरे तसे झाडांवर खायला जमत नाहीत, म्हणून नदीकाठच्या गावात तोच उपाय केला तर कष्ट होतात आणि अळी तशीच राहते. होलोट्रिकिया कॉन्सॅन्ग्विनिया या तिसऱ्या जातीच्या मादीचा नराला खुणावणारा गंध अ‍ॅनिसोल या साध्या रसायनाचा असल्याचे सिद्ध झाले आहे, पण तो गंध प्रत्येक जातीला आकर्षित करील असे नाही. कोणती जात, केव्हा बाहेर पडते, किती खोल जाते, हे कळल्यावरच कीटकांना मारणारी मेटारायझियम बुरशी, कीटकांवर जगणारे सूत्रकृमी किंवा अन्य उपायांची वेळ बरोबर साधते.

अळीवरून जात ओळखता येते का?

काही अंशी येते. अळीच्या शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूला काट्यांसारख्या केसांची ठरावीक मांडणी असते. दहापट भिंगातून ती दिसते आणि तिच्यावरून निदान वंश सांगता येतो. खात्री करायची असेल तर काही अळ्या त्याच शेतातल्या मातीत कुंडीत वाढवाव्यात आणि भुंगेरा बाहेर पडेपर्यंत थांबावे. आपल्या भागातील फार थोड्या जातींच्या अळ्यांची वर्णने झालेली आहेत, त्यामुळे घरच्या कुंडीत केलेले हे कामही नव्या माहितीत भर घालू शकते.

मला एक अनोळखी भुंगेरा सापडला आहे. काय करावे?

वरून, बाजूने, समोरून आणि शक्य असल्यास खालून छायाचित्रे काढावीत आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. ठिकाण, तारीख, वेळ, तो कशावर किंवा कशात होता आणि जवळ दिवा होता का, हे लगेच लिहावे. भुंगेरा मेलेला असेल तर कोरड्या डबीत कापसाऐवजी मऊ कागदावर ठेवावा, कारण कापसाच्या तंतूंत पाय आणि मिशा अडकून तुटतात. ओळख पटवण्यासाठी शिवाजी विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग, कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय किंवा जवळच्या महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे शिक्षक यांच्याशी संपर्क साधावा. उसाच्या शेतातली कीड असेल तर प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात अळी आणि भुंगेरा दोन्ही घेऊन जावे. डबीवर चिठ्ठी पेन्सिलने लिहावी. शाई अल्कोहोलमध्ये आणि पावसाळी दमटपणात पसरते, पेन्सिलचे अक्षर टिकते.